साडेतीन मिलिमीटरची माशी

२०१६च्या मार्चमध्ये ऑर्डनुंग्सआम्टच्या, म्हणजे परवाने देणाऱ्या सरकारी कचेरीच्या, खिडकीतून यामिनी रामटेकेच्या हाती एक हिरवा कागद आला. वाफेनबेझिट्सकार्टे, म्हणजे शस्त्र बाळगायचा परवाना. तो बॅगेत नीट ठेवून ती जिना उतरली, खालच्या पायरीवर थांबली, कागद परत बाहेर काढला आणि त्यावरचं आपलं नाव पुन्हा वाचलं. वय एक्केचाळीस, जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनच्या केमिकल कारखान्यात रंगांच्या चाचण्या करणारी बाई. पण त्या क्षणी तिला नागपूरच्या कॉलेजातल्या एन.सी.सी.च्या कॅम्पात असल्यासारखं वाटत होतं. तिथे तिने पॉइंट टू-टू रायफलने पाचपैकी पाच गोळ्या निशाणाच्या काळ्या गोलात मारल्या होत्या. त्यानंतर कायझर्सलाउटर्नला पीएच.डी., मग नोकरी, लग्न, घर. वीस वर्षं बंदुकीचा विषयसुद्धा निघाला नाही.

तो काढला लोथारने. लोथार म्हणजे तिच्या लॅबमधला जुना टेक्निशियन. निवृत्त झाल्यावर गावाबाहेरच्या शुट्झनफेराइनमध्ये, नेमबाजांच्या क्लबात, तो नव्या लोकांना शिकवायचा. क्लब सगळ्यांना खुला असतो अशा एका रविवारी त्याने तिला नुसतं बघायला बोलावलं, आणि ती दर गुरुवारी जायला लागली. वर्षभर नियमित हजेरी, मग नियमांची आणि सुरक्षेची परीक्षा, घरात भिंतीला ठोकलेली पोलादी तिजोरी, आणि मग हा कागद.

उज्ज्वलच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, शोभना आत्यांनी नागपूरहून फोनवर तिची हजेरी घेतली.

"अगं, पंचशील घेतो आपण. पहिलं शील काय आहे?"

"आत्या, मी कागदाला भोकं पाडते. जीव कुणाचा जातो त्यात?"

"मग पंचिंग मशीन घे!"

यामिनी इतकी हसली, की आत्याही शेवटी हसल्या.

तिने घेतलेलं पिस्तूल सेकंडहँड होतं. मूळचं ते कमरेला लावून फिरणाऱ्यांसाठी घडवलेलं. सिक्युरिटीतल्या एका माणसाचं होतं. यामिनीला ते कमरेला लावून रस्त्यावर पाऊल टाकायची परवानगी नव्हती, आणि तशी हौसही नव्हती. कुलूपबंद पेटीतून घर ते क्लब, एवढाच त्याचा प्रवास. पण तिचा पंजा लहान. क्लबातली सगळी मोठी पिस्तुलं तिच्या हातात परक्यासारखी वाटायची, आणि हे असं बसलं की जणू माप घेऊन केलंय.

फक्त दोन गोष्टी आड येत होत्या. एक म्हणजे नेम धरायची साधनं. नळीच्या टोकावरची पुढची माशी आणि मागची खाच, दोन्हींवर ठसठशीत पांढरे ठिपके होते. चार पावलांवरच्या माणसासाठी ते ठीक. पंचवीस मीटरवरच्या कागदावर मात्र तो ठिपका सगळा मधला भाग गिळून टाकायचा. दुसरं म्हणजे चाप. तो लांब, जड आणि वाटेत दोनदा अडखळणारा. चारशेपैकी तिचे गुण दोनशे नव्वदच्या पुढे सरकत नव्हते.

"दोन्ही बदलायचं," लोथार म्हणाला. "गेनाऊ, एकदम नेमकं! त्याशिवाय मजा नाही."

यामिनीच्या डोक्यात भुंगाच शिरला. उज्ज्वल नोकरीसाठी आठवडाभर एश्बॉर्नला असायचा; शुक्रवारी घरी यायचा, तेव्हा जेवणाच्या टेबलावर कॅटलॉग उघडे असायचे. एकात हिरव्या चकाकत्या काडीची माशी, दुसऱ्यात अंधारातही दिसणारे ठिपके, तिसऱ्यात वरखाली सरकवता येणारी खाच. चापांचेही दहा प्रकार होते, आणि इंटरनेटवर प्रत्येकाखाली लोकांची भांडणं.

"भाजी वाढतेस की टायटॅनियमचा चाप?" उज्ज्वलने विचारलं.

"आधी सांग, हिरवी की काळी?"

एप्रिलमध्ये तिचे सासरे आले. विठ्ठलराव भुसावळजवळच्या वरणगावच्या दारूगोळा कारखान्यात चौतीस वर्षं होते, शेवटी तपासनीस म्हणून. पितळी काडतुसं गेजमध्ये, मापाच्या साच्यात, घालून बघायची, चालण्याजोग्या फरकापलीकडे, टॉलरन्सपलीकडे, केसाएवढं गेलेलं असलं तरी बाजूला टाकायची. सुनेने पिस्तूल घेतल्याचं कळल्यावर ते काय म्हणतील याची यामिनीला धाकधूक होती. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "टॉलरन्स किती आहे त्याचा?"

गुरुवारी ती त्यांना क्लबात घेऊन गेली. लोथारने शेजारी उभं राहून क्लबचं पॉइंट टू-टूचं पिस्तूल त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते लगेच उचललं नाही.

"यामिनी, याला सांग," ते हळूच म्हणाले. "लाखो काडतुसं या हातांखालून गेली. उडवलं एकही नाही."

तिने जर्मनमध्ये सांगितलं. लोथारने टोपी काढली आणि अदबीने मान लववली.

पाच गोळ्या झाल्या. तीन कागदावर होत्या, त्यातली एक काळ्यात. विठ्ठलरावांनी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही; परवानगी विचारून त्यांनी खाली पडलेली रिकामी पितळी पुंगळी उचलली, तिच्या तोंडावरून नख फिरवलं आणि म्हणाले, "चांगलं काम आहे." त्यांचे डोळे भरून आले होते. यामिनीने घाईघाईने पेटीचं कुलूप तपासायचं नाटक केलं.

त्या दिवसापासून माशीचा शोध दोघांचा झाला. पहिल्यांदा यामिनीने हिरव्या काडीची माशी मागवली. फ्राउ एंगेलहार्ट नावाची एक शस्त्र दुरुस्त करणारी कारागीर बाई होती, पांढरे आखूड केस, कानात पेन्सिल. तिने ती बसवून दिली. दिसायला अशी झकास, की यामिनीचे पाय जमिनीवर ठरेनात. आणि पहिल्याच गुरुवारी गुण आले दोनशे एक्क्याऐंशी. आधीपेक्षाही कमी!

घरी येऊन ती सोफ्यावर धपकन बसली. "बाबा, मला नेमबाजी येतच नाही बहुतेक."

"तू काय बघत होतीस? कागद, की तो हिरवा दिवा?"

"दिवाच," ती म्हणाली. "नजर तिकडेच जाते. कडा दिसतच नाहीत."

"मग दिवा काढ. कडा बघायच्या असतील तर कडाच पाहिजेत. आणि रुंदी किती पाहिजे ते कॅटलॉगला काय ठाऊक? ते तुझ्या डोळ्याला ठाऊक."

दोन दिवसांनी, शनिवारी सकाळी, त्यांनी काळा पुठ्ठा, ब्लेड आणि उज्ज्वलचं व्हर्निअर घेऊन टेबल अडवलं. तीन, साडेतीन, चार मिलिमीटरच्या पट्ट्या कापल्या, आणि वेगवेगळ्या रुंदीच्या खाचाही. एका लाकडी पट्टीवर पुढे माशी, मागे खाच, पिस्तुलावर असतं तेवढंच अंतर. समोरच्या खिडकीच्या काचेवर पंचवीस मीटरवरून दिसेल त्या मापाचा काळा गोल चिकटवला. यामिनीने हात लांब करून एकेक जोडी धरून बघितली. चार मिलिमीटरची माशी खाचेत ठासून बसल्यासारखी. दोन्ही बाजूंना उजेडच नाही. तीनची लुकलुकायची. साडेतीनची मात्र रुंद खाचेत अशी उभी राहिली, की डावी-उजवीकडे उजेडाच्या दोन सारख्या रेघा.

"हीच!" ती ओरडली. "बाबा, हीच!"

"डोळे मीट, परत उघड. वीस वेळा कर, मग बोल."

तिने वीस वेळा केलं. वीसही वेळा तीच. चाळिशी लागलेल्या डोळ्यांना काय पाहिजे होतं ते पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांनी सांगितलं होतं. यामिनी उठून घरभर फिरली, फोन उचलून उज्ज्वलला पुठ्ठ्याचा फोटो पाठवला. तो खाली बेकरीत ब्रेड घेत होता. उत्तर आलं : "माझं व्हर्निअर परत जागेवर ठेवा."

फ्राउ एंगेलहार्टने ती मापं वाचली, पुठ्ठा डोळ्यांसमोर धरला आणि विठ्ठलरावांकडे बघून विचारलं, "हे कुणी केलं? कारागीर दिसतात." साध्या काळ्या पोलादाची माशी तिच्याकडे होतीच, आणि खाच तिने त्या मापाला घासून द्यायचं कबूल केलं.

राहिला चाप. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे तो किमान एक किलो वजन पेलणारा हवा. त्याहून हलका चालत नाही. लोथारचा आग्रह होता की काट्यावर बरोबर एक किलो ठेव, एक ग्रॅमही जास्त नको. त्याचं स्वतःचं तसंच होतं. फ्राउ एंगेलहार्टने वाद घातला नाही. तिने आपली तीन रिकामी पिस्तुलं, तपासून, यामिनीसमोर ठेवली.

"डोळे मिटून ओढा. वजन विसरा. तो सुटतो कुठे, ते तुम्हाला आधी कळतंय का ते सांगा."

पहिला लोण्यासारखा हलका होता, पण कधी सुटला ते कळलंच नाही. दुसरा रेंगाळला. तिसरा थोडा चालला, एका जागी ठाम थांबला आणि काचेची काडी मोडावी तसा सुटला. यामिनीच्या अंगावर काटा आला. "हा! हा सगळ्यात हलका आहे ना?"

"सगळ्यात जड. चौदाशे ग्रॅम," फ्राउ एंगेलहार्ट म्हणाली आणि पहिल्यांदाच हसली.

जूनमधल्या एका रविवारी सकाळी जिल्ह्याची स्पर्धा होती. आत जाण्याआधी तपासणीच्या टेबलावर प्रत्येक रिकाम्या पिस्तुलाच्या चापाला एक किलोचं वजन अडकवून उचलायचे. यामिनीच्या चापाने ते मजेत उचललं. मागोमाग लोथार आला. वजन अडकवलं, उचललं, आणि क्लिक. दुसऱ्यांदा क्लिक. तिसऱ्यांदाही क्लिक. झिजून झिजून त्याचा चाप कधी किलोच्या खाली उतरला, ते त्यालाच कळलं नव्हतं.

लोथारचा चेहरा उतरला. सतरा वर्षांत त्याने ही स्पर्धा एकदाही चुकवली नव्हती.

"तुझी पाळी माझ्यानंतर आहे," यामिनी म्हणाली. "माझं घे."

"ते चौदाशेचं?"

"हो, ते चौदाशेचं."

आधी तिची पाळी होती. कानांवर मफ चढवले, हात उचलला, आणि काळ्या गोलाखाली ती साडेतीन मिलिमीटरची माशी दोन रेघांमध्ये येऊन उभी राहिली. चाप चालला, थांबला, सुटला. पहिल्या पाच गोळ्यांनंतर दुर्बिणीतून बघितलं तर सगळ्या मुठीएवढ्या जागेत. तिच्या छातीत ढोल वाजत होता आणि हात मात्र शांत होते; असं आपल्याला जमू शकतं हे तिला आजवर माहीतच नव्हतं. वीस सेकंदांत पाच गोळ्या मारायच्या फेरीत एक भरकटली. ती मनात "आल्झो", म्हणजे चला तर, म्हणाली आणि पुढची मारली.

एकूण तीनशे सत्तेचाळीस. बायकांच्या गटात दुसरी!

मग लोथार उभा राहिला, तिच्या लहानशा पिस्तुलावर आपला भलामोठा पंजा कसाबसा जमवून. त्याचे आले तीनशे बावन्न. नेहमीपेक्षा थोडे कमी, पण बाहेर आल्यावर त्याने पिस्तूल तिच्या पेटीत ठेवलं, पेटी तिच्याकडे सरकवली आणि बराच वेळ हनुवटी खाजवत राहिला.

"फ्राउ एंगेलहार्टचं दुकान सोमवारी उघडं असतं ना?" शेवटी त्याने विचारलं.

बक्षीस वाटताना सूत्रसंचालकाने तिचं नाव "यामिनी राम-टेक-ए" असं तीन तुकड्यांत वाचलं. ती पुढे गेली तोवर उज्ज्वल खुर्चीवर चढून शिट्ट्या मारत होता, आणि आजूबाजूची शांत जर्मन मंडळी माना वळवून बघत होती. विठ्ठलराव मात्र हॉलबाहेर अंगणात होते. त्यांनी वरणगावला आपल्या जुन्या सहकाऱ्याला, चंद्रशेखरला, फोन लावला होता, आणि पलीकडच्याला ऐकू येणार नाही या खात्रीने मोठ्याने सांगत होते :

"सूनबाई! अरे, सूनबाई रे! दुसरी आली! नाही, नाही, पळण्यात नाही..."

यामिनी पदक गळ्यात घालून दारात आली आणि त्यांचं बोलणं संपायची वाट बघत उन्हात उभी राहिली.