सिहोऱ्याच्या सर्व्हरवरचे एकोणीस दिवस

सिहोऱ्याच्या वाचनालयात रीताबाई अकरा वर्षं पुस्तकं देत-घेत होत्या. कॉम्प्युटर त्यांच्या वाट्याला उशिरा आला, बेचाळिसाव्या वर्षी. जवाहरनगरला राहणारा धाकटा दीर अमर एक जुनं मशीन घेऊन आला, त्यावर लिनक्स टाकलं आणि म्हणाला, याला सर्व्हर म्हणायचं. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना धानाचे जुने वाण, रोवण्याच्या रीती विचारायच्या, त्यांचं बोलणं मोबाइलवर चित्रित करायचं आणि सर्व्हरला जोडलेल्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवायचं, असं वाचनालयानं ठरवलं होतं. अमरनं दोन रविवार शिकवलं. पुढचं रीताबाईंनी वहीत लिहून, चुकतमाकत स्वतःच उचललं.

भादव्यातल्या एका सोमवारी घनश्याम नावाचे शेतकरी आले. त्यांचे वडील दोन वर्षांपूर्वी वारले होते. लुचई या जुन्या धानाचं बियाणं कसं राखायचं, ते वडिलांनी इथं सांगून ठेवलं होतं, तेच त्यांना ऐकायचं होतं. रीताबाईंनी फोल्डर उघडलं तर त्यात फक्त अलीकडची सात चित्रणं. तीन वर्षांचं जुनं काहीच नाही. त्यांनी घनश्यामांना दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं.

डिस्कवरचा दिवा तर लागलेला होता. त्यांनी केबल बदलून पाहिली, यूएसबीचं भोक बदललं. उपयोग झाला नाही. मग त्यांनी सर्व्हरला जोडलेल्या डिस्कांची यादी मागवली, तेव्हा उलगडा झाला. डिस्क होती, पण तिचं नाव बदललं होतं. एकोणीस दिवसांपूर्वी वीज जाऊन आली, तेव्हा रीताबाईंचाच एक पेनड्राइव्ह मशीनला लागलेला राहिला होता. सर्व्हर पुन्हा सुरू होताना डिस्कचं नाव पेनड्राइव्हला मिळालं आणि डिस्कला पुढचं. त्या नावाखाली भलतंच काही दिसल्यावर सर्व्हरनं काहीच जोडलं नाही, आणि कोणाला न सांगता काम चालू ठेवलं. अमरनं सर्व्हरच्या सेटिंगमध्ये डिस्कचा लांबलचक, कधी न बदलणारा क्रमांक लिहायला सांगितलं होतं. सोपं पडतं म्हणून रीताबाईंनी तेव्हा छोटं नाव लिहिलं होतं.

आता त्यांनी तो क्रमांक एकेक अक्षर ताडून लिहिला आणि डिस्क जोडली. जुनं सगळं परत आलं. मंगळवारी सकाळी घनश्यामांनी वडिलांचं बोलणं उभ्यानं दोनदा ऐकलं.

ते गेल्यावर रीताबाईंच्या लक्षात आलं, की काल दिसलेली ती सात चित्रणं आता फोल्डरमध्ये नाहीत.

सातही सत्यभामाबाईंची होती. वय एक्याऐंशी, बोलायला बसलं की दम लागायचा, तरी त्या सात वेळा बसल्या होत्या. मोबाइलमधलं मूळ चित्रण जागा करायला पुसून टाकलेलं. डिस्क जोडताना आपल्याच हातून ती गेली, असं रीताबाईंनी धरलं. अमरला फोन करायची लाज वाटली. त्या आधी सत्यभामाबाईंच्या घरी गेल्या आणि झालं ते सांगून टाकलं.

म्हातारी धान पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"गेलं तं गेलं. मी आहो ना अजून. बस, पुन्हा सांगतो."

"आजी, तुमाले तरास होते."

"मंग कायले आली सांगाले? काढ तो मोबाइल."

त्या दिवशी तासभर बोलणं झालं. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी किती ठेवायचं इथपासून म्हातारीनं सुरू केलं. पण पहिल्या खेपेला जे सांगितलं नव्हतं तेही या वेळी आलं: सासूनं बियाण्याचं मडकं एकदाही हाती दिलं नाही, सासू गेल्यावरच त्याला हात लागला, हे.

परतल्यावर रीताबाईंनी वही काढली. सर्व्हरच्या आतल्या डिस्कवर किती जागा भरली, ते महिन्यातून एकदा त्या लिहीत. या महिन्याचा आकडा राहिला होता. तो मागच्या महिन्यापेक्षा चौदा जीबीनं जास्त निघाला. आत तर त्यांनी काहीच ठेवलं नव्हतं. मग हे चौदा जीबी कुठून आले? डिस्क जोडलेली नव्हती, तेव्हा चित्रणं गेली कुठं असतील? त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे आतच. आणि डिस्क जोडली ती त्याच फोल्डरवर.

त्यांनी डिस्क सोडवली, फोल्डर पुन्हा उघडलं. सातही तिथंच होती. काही पुसलं गेलं नव्हतं, नुसतं खाली झाकलं गेलं होतं. त्यांनी ती बाजूला काढून ठेवली, डिस्क परत जोडली आणि मग एकेक करून तिच्यावर नेली. प्रत्येक उघडून पाहिलं.

मग अमरला फोन केला. तो म्हणाला, "वहिनी, त्या रिकाम्या फोल्डरले कुलूप लावून टाकू. डिस्क नसली तं त्याच्यात काही लिहिलंच नाही जाणार." फोनवरच त्यानं ते करवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सत्यभामाबाईंना कळलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "मंग आता कालचं पुसतेस का?"

"नाही आजी, दोनी ठेवतो."

"ठेव. पण मडक्याचं माह्या सुनेले नोको ऐकवू."

रीताबाई हसल्या आणि फाइलच्या नावापुढं तशी नोंद केली.