घंटीच्या मागे

मामा गेल्याची बातमी मला कुणी सांगितली नाही. ती मलाच सांगावी लागली. डोंगराच्या धारेवर एका ठिकाणी फोनला रेंज मिळत होती. आमच्याबरोबरच्या बाळूकाकांचा फोन पाण्यात गेला होता, म्हणून मामीला मीच फोन लावला. काय बोलले ते आठवत नाही. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू कुठं हायस? लय भिजलीस न्हवं?" ... त्याला आता सहा आठवडे होतील.

मामा मूळचा आटपाडीकडचा. घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. त्यानं मात्र शिरवळला एका कंपनीत फिटर म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर मलकापुरात, आमच्यापासून दोन गल्ल्यांवर घर घेतलं. कोरड्या मुलखातल्या या माणसाला पावसाचं वेड होतं. "आमच्याकडं ढग नुसतं तोंड दावून जात्यात," तो म्हणायचा. "हितं बघ, कसं अंगावर येत्यात!" दर श्रावणात तो पाच-सहा जणांना घेऊन पाटणच्या बाजूनं डोंगर चढायचा आणि तीन दिवसांनी शिराळ्याकडे उतरायचा. त्याचे कंपनीतले जुने सोबती बाळूकाका सगळ्यांत पुढे असायचे. मी घरूनच काम करते, कुणाकडे फारशी जात नाही, म्हणून दोन वर्षांपूर्वी आईनं मला बळंच त्याच्याबरोबर पाठवलं.

पहिल्याच सकाळी त्यानं माझ्या सॅकला एक पितळी घंटी बांधली. त्याच्या वडिलांच्या कळपातली, मागं रेंगाळणाऱ्या शेळीच्या गळ्यातली. धुक्यात दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. म्हणून घंटी शेवटच्या माणसाकडे, आणि तिच्या मागे कुणी राहायचं नाही, हा त्याचा नियम. मी सगळ्यांत हळू चालायचे, पण कारण तेवढंच नव्हतं.

"विंग्रजी साळंनं पोरीला सगळं शिकवलं," तो बाळूकाकांना म्हणाला, "हाक मारायला तेवढं न्हाई." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुला बोलायची गरज न्हाई गं. दमलीस, पाय मुरगळला, कायबी झालं, तर नुसती थांब. घंटी गप्प झाली की आमी समदी थांबतू."

मला कुणी इतक्या सोप्या शब्दांत समजून घेतलं नव्हतं. मुक्कामाला पोचलो की तो स्वतः घंटीत गवत कोंबायचा. सगळे आले, आता तिनं झोपायचं.

यंदा दुसऱ्या दिवशी सकाळपासून तो बोलत नव्हता. कारवीच्या रानातून वाट चढत होती, पायाखाली पाण्याचा लोट, मोज्यांत जळवा. मामा नेहमीसारखा माझ्या पुढे दोन पावलांवर. चढावर तो एका दगडावर बसला. "बुटात पाणी गेलंय," म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा बसला. तिसऱ्यांदा बसला तेव्हा मी पाहिलं, तो बूट काढतच नव्हता. नुसता हात बुटावर ठेवून खाली बघत होता. ओठांचा रंग मला बरा वाटला नाही.

मी उभी राहिले. त्यानं मान वर केली.

"हितं काय बगतीस? हो पुढं. मी आलोच."

पुढून बाळूकाकांनी मामाला हाक दिली, "आरं शिवा, घंटी का थांबली रं?"

"चल चल," मामा मला म्हणाला. आवाजात जरा राग होता. त्याचा राग मला कधीच सहन झाला नाही. मी त्याला ओलांडून पुढे गेले. घंटी वाजू लागली. पुढच्यांना वाटलं, सगळं ठीक आहे.

मुक्कामाच्या देवळापर्यंत अर्ध्या तासाची वाट होती. त्यात मी दोनदा मागे पाहिलं, धुकं होतं. मला ओरडायचीही गरज नव्हती. नुसतं थांबायचं होतं. मी चालत राहिले, आणि माझ्या पाठीवरची घंटी चौघांना सांगत राहिली की मागे कुणी नाही.

देवळात पोचले तेव्हा बाळूकाका पंचा पिळत होते. "आली बया घंटी!" म्हणत त्यांनी मामासारखंच मूठभर ओलं गवत तिच्यात कोंबलं, आणि मग मागे पाहिलं. "शिवा कुठाय?"

मामा त्याच दगडावर होता. पाठ दरडीला टेकलेली, बूट पायातच.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, तिथं कुणी काही करू शकलं नसतं. असेल. पण तो एकटा होता.

दोन आठवड्यांपूर्वी मामीनं मला बोलावलं. ती मटकी निवडत होती. मी ताटापलीकडे बसून सगळं सांगितलं. एवढं सलग मी कधीच कुणाशी बोलले नव्हते. "मी त्याला ओलांडून गेले, मामी."

"ठावं हाय मला. बाळूनं सांगितलं." तिनं एक खडा बाजूला टाकला. "त्येनंच तुला हाकललं आसंल. दुखतंय म्हणून कुणाला कळू द्यायचा न्हाई, मलाबी न्हाई." थोडा वेळ तिची बोटं मटकीत फिरत राहिली. "पर तू थांबायला पायजे हुतीस गं."

ती रागानं म्हणाली नाही. मला बरं वाटलं, असंही नाही. पण इतके दिवस जो तो 'तुझा काय दोष' म्हणत होता, त्यात एवढंच एक वाक्य खरं होतं. बाळूकाकांनी मामाच्या सामानाबरोबर तिच्याकडे पोचवलेली घंटी तिनं निघताना माझ्या हातात दिली. "घिऊन जा. माझ्यानं बगवत न्हाई."

ती आता माझ्या टेबलाशेजारी, खिडकीच्या गजाला टांगली आहे. आत बाळूकाकांनी कोंबलेलं गवत तसंच होतं, वाळून पिवळं पडलेलं. पहिला आठवडाभर मी त्याला हात लावला नाही. मागच्या रविवारी केसांच्या पिनेनं ते काडी-काडी करून बाहेर काढलं. गवत म्हणजे सगळे पोचले... आणि आम्ही सगळे पोचलो नव्हतो.

आता वारा आला की ती वाजते. एखाद-दुसरा ठोका, बस. तेवढ्यात कुणी फोनवर माझ्याशी बोलत असलं तरी मी बोलायची थांबते. पलीकडून विचारतात, "काय झालं? आहेस ना?"  घंटी गप्प होईपर्यंत मी नुसती थांबते.