तळपद्यांची गाबोळी

त्र्यंबक तळपदे गिरगावातून अमेरिकेला आला तो इंजिनिअर म्हणून, पण मनाने मासळीबाजारातच राहिला. ओहायोतल्या डब्लिनमध्ये सहा वर्षं गोठवलेले चौकोनी मासे खाऊन त्याची जीभ मेली. १९८२ साली हवाईत बदली मिळाली तेव्हा पगार किती हेसुद्धा त्याने विचारलं नाही, समुद्र किती लांब एवढंच विचारलं.

तिथे कानेओहे गावात शेजारीच आंटी मिलिआनी राहायची. सत्तरीची, धिप्पाड, तोंडाने फटकळ. खाडीच्या कडेचं, दगडी बांधाचं तळं तिच्या पणज्यापासून चालत आलेलं. बांधात एक लाकडी जाळीचं दार. समुद्रातली माशांची पिल्लं गजांमधून आत शिरत, खाऊन गलेलठ्ठ होत आणि मग त्यांना बाहेर पडता येत नसे. अमेरिकेत आलेल्या आपल्या मंडळींचंही तेच. त्र्यंबक दर शनिवारी बांधाचे ढासळलेले दगड रचून द्यायचा. ऑफिसात त्याला कोणी हिंग लावून विचारत नव्हतं, पण इथे आंटी त्याच्या हातचा दगड कधी काढून पुन्हा लावत नसे. त्या दोन तासांवर त्याचा आठवडा निघायचा.

आंटीचा कायदा एकच. हिवाळ्यात बोय मासे अंड्यांवर येऊन, समुद्राकडे जायला म्हणून दाराशी गोळा होतात. तेव्हा त्यांना हात लावायचा नाही. लावला तर पुन्हा तळ्यावर पाऊल ठेवायचं नाही. सख्ख्या भाच्याला तिने असंच हाकललं होतं.

डिसेंबरातल्या एका शनिवारी आंटी सकाळीच कुणाच्या लग्नाला गेली, आणि दाराशी टम्म पोटाच्या बोया. त्र्यंबकला थेट आतली अंड्यांची गाबोळीच दिसू लागली. मासळीवर जीव टाकणाऱ्या पाठारे प्रभूंचं रक्त ते, उसळणारच! एकच, एकच म्हणत त्याने एक बोय उचलली आणि टॉवेलात गुंडाळून घरी आणली.

"अहो, ही कुठून?" बायकोने, सुलेखाने विचारलं.

"मार्केटमधून. एकदम फ्रेश."

हे खोटं लगेच अंगाशी आलं. तो आंघोळीला गेला तेवढ्यात सुलेखाने गाबोळी तळली, चार तुकडे बशीत घालून वर लिंबाची फोड ठेवली आणि नुकत्याच परतलेल्या आंटीला नेऊन दिली. नवा पदार्थ शेजारी पाठवल्याशिवाय तिला घास जात नसे.

त्र्यंबक आंघोळ करून बाहेर येतो तो आंटी तीच बशी घेऊन दारात उभी. तुकडे जसेच्या तसे.

"किती?"

"एक. सॉरी, आंटी." सगळं संपलं, असं त्याला वाटलं.

"मला नको सांगूस. त्यांना सांग. तुझ्या भाषेत."

तो तळ्यात गुडघाभर पाण्यात उतरला. काठावर आंटी, आणि हसू दाबत सुलेखा. "बायांनो," म्हणून सुरुवात केली आणि त्याचं त्यालाच हसू आलं. तेवढ्यात त्या जड बोया त्याच्या पोटऱ्यांना घासून दाराकडे गेल्या.

"तुमच्यातली एक बाळंतपणाला माहेरी निघाली होती," तो म्हणाला. "मी तिला वाटेत गाठलं. लाज वाटते मला. चुकलो." सुलेखाचं हसू थांबलं.

तो काय म्हणाला हे तिने आंटीला इंग्रजीत सांगितलं. आंटीने दाराशी घुटमळणाऱ्या बोयांकडे पाहिलं.

"तुमच्याकडे बाळंतपणाला आईकडे जातात?"

"पहिल्याला तर जातातच," सुलेखा म्हणाली.

"मग हा उभा काय राहिलाय? दार उघड म्हणावं. दगड पुढच्या शनिवारी."

त्र्यंबकने जाळी वर उचलली. बोया त्याच्या पायांमधून समुद्रात जाऊ लागल्या. हात भरून आले, खांदे थरथरले, तरी शेवटची जाईपर्यंत त्याने जाळी खाली ठेवली नाही.