बारकीचे बूट, दादाचे पाय

आमच्या घरात नवे बूट आणले की ते थेट पायात घालायची पद्धत नव्हती. आधी ते दादाकडे जायचे. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो आठवडाभर ते बूट घालून गावभर हिंडायचा आणि मग ज्याचे त्याला परत करायचा. ज्याचा नंबर दादाच्या नंबराच्या आसपास, त्याला ही सोय फुकट. वडिलांचे बूट, दोन्ही काकांचे बूट, शेजारच्या मास्तरांचे बूट, सगळे दादाच्या पायांतून गेले. माझं लग्न ठरलं तेव्हा त्याने नवऱ्यामुलाचे काळे बूटसुद्धा मागून घेतले. होणारे जावई काहीतरी निरोप घेऊन आमच्याकडे आले, तर दारात त्यांचेच बूट घालून मेहुणा उभा. आमचे हे अजूनही सांगतात, "मी तेव्हाच परत फिरायला हवं होतं, पण बूट अडकले होते ना!"

दादा मीटर-रीडर होता. घरोघरी जाऊन विजेच्या मीटरवरचे आकडे टिपायचे, हे त्याचं काम. जिने चढायचे, तळघरात उतरायचं, कुत्र्यांना नावानिशी हाक मारायची आणि पुढच्या दाराची बेल वाजवायची. पायाला भिंगरी म्हणतात ती त्याला सरकारनेच बांधून दिली होती. लोक त्याला नुसतं 'मीटर' म्हणायचे. "मीटर आला, दार उघड," असं बायका आतून ओरडायच्या. त्याने लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं की म्हणायचा, "दिवसभर इतक्यांचे संसार आतून बघतो, की संध्याकाळी हौस उरत नाही."

बूट परत करताना तो अहवाल द्यायचा. "डावा समजूतदार आहे. उजवा करंगळीपाशी चावत होता, आता नाही चावायचा. टाचेला मात्र सुरुवातीला कापूस लाव." आणि ते अगदी तसंच निघायचं. एकदा मी वैतागून विचारलं होतं, की दुसऱ्यांचे बूट स्वतःला चावून घेण्यात कसली आलीय हौस? तो म्हणाला, "बूट कुठे चावतो ते आधी नीट कळू द्यावं लागतं. एकदा चावू दिलं की मग तोच ओशाळतो."

तो निवृत्त झाला आणि आमच्या खालच्या खोलीत राहायला आला तोवर जग बदललं होतं. आता सगळे स्पंजाचे बूट घालतात. दुकानातून निघतानाच ते मऊ असतात. दादाकडे बूट यायचे बंद झाले. पाहुणा आला की दादाची नजर आधी त्याच्या पायांवर जायची. "नवे दिसतात. चावतात का?" पाहुणा म्हणायचा, "छे हो, एकदम सॉफ्ट." दादा "वा वा" म्हणायचा आणि खिडकीशी जाऊन बसायचा. मला त्या पाहुण्याचा राग यायचा. चावतात म्हणाला असता तर काय बिघडलं असतं मेल्याचं!

त्याच सुमारास दादाला साखरेचा आजार निघाला. गोळी घ्यायला तो विसरायचा आणि मी ओरडायला विसरत नसे. त्याचं एकच म्हणणं होतं, की तब्येत उलट सुधारतेय. पूर्वी संध्याकाळी पाय ठणकायचे, हल्ली शांत झालेत, असं तो कौतुकाने सांगायचा. फक्त गार पडतात म्हणून मोजे दिवसरात्र पायात असायचे.

माझ्या धाकट्या मुलीला सगळे बारकी म्हणतात. नावच तेवढं बारकं, बाकी ती घरात सगळ्यांत उंच. कुणाच्या मुलीला मामाचं नाक येतं, कुणाच्या मुलीला मामाचा रंग. आमच्या बारकीला मामाचे पाय आले, नंबरासकट. तिला विमानतळावर नोकरी लागली. प्रवाशांना रांगेत लावायचं, वाट दाखवायची, आणि दिवसभर उभं राहायचं. गणवेशावर घोट्यापर्यंतचे काळे बूट हवेत, असा नियम. पण बारकीने चामडं सोडलंय. माझ्या पायांसाठी कुणी मरायला नको, म्हणते. म्हणून ती व्हीगन लेदरचे बूट घेऊन आली.

दादाने बूट हातात घेतला, अंगठ्याने दाबून पाहिला, वास घेतला. "म्हणजे रेक्झीन."

"रेक्झीन नाही रे मामा. व्हीगन लेदर आहे."

"बरं. व्हीगन रेक्झीन."

बारकी ते घालून घरातल्या घरात तासभर फिरली आणि दोन्ही टाचा सोलून घेऊन पलंगावर बसली. दिसायला बूट देखणे होते, पण कडक असे, की पत्र्याच्या डब्यात पाय घातल्यासारखं वाटावं. पुढच्या सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं. ती रडकुंडीला आली होती. दादाचा चेहरा मात्र उजळला. कितीतरी वर्षांनी घरात चावणारा बूट आला होता.

"दे इकडे," तो म्हणाला. "सोमवारपर्यंत लोणी करून देतो."

बारकीला बूट हवे होते ते नोकरीसाठी. दादाचं त्याहून जास्त काहीतरी त्या बुटांपायी पणाला लागलं होतं. आपण अजून कुणाच्या तरी उपयोगाचे आहोत, हे त्याला एकदा बघायचं होतं. त्याने ते तोंडाने सांगितलं नाही, पण भाऊ माझा आहे, मला कळतं.

आधी त्याने जुने उपाय केले. एरंडेल चोळून बूट रात्रभर ठेवले. चामडं असतं तर ते तेल प्यालं असतं. इथे सगळं तेल सकाळी माझ्या फरशीवर. मग ओल्या कागदाचे बोळे कोंबून ठेवले. कागद वाळला, बोळे काढले, आणि बूट होते तसेच. पालथ्या घड्यावर पाणी. "सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही याचा," दादा म्हणाला, पण आवाजात आदर होता. बऱ्याच दिवसांनी त्याला तोलामोलाचा बूट भेटला होता.

बारकीने मोबाइलवर वाचून सांगितलं, "मामा, हे तेलबिल पीत नाही. याला गरम हवा द्यायची, आणि जाड मोजे घालून रोज थोडा थोडा वेळ वापरायचं. थोडाच वेळ हं."

"थोडा थोडा वेळ चाललो असतो," दादा म्हणाला, "तर निम्म्या गावाची बिलं अजून यायची राहिली असती."

त्याने लोकरीचे मोजे चढवले, त्यावर बारकीचे बूट ओढून बसवले आणि बाहेर पडला. बागेला फेऱ्या, मग पुलापर्यंत, मग आमच्याच इमारतीचे जिने वर-खाली. दिवसातून दोनदा निघायचा. ओळखीचे लोक विचारायचे, "काय मीटर, पुन्हा ड्यूटी?" तो पाय पुढे करून दाखवायचा, "भाचीचे आहेत." त्याची चाल बदलली होती, पाठ ताठ झाली होती. मी रोज विचारायची, "चावतात का रे?"

"नाव नाही," तो म्हणायचा. त्याला स्वतःलाच नवल वाटत होतं. "या रेक्झीनला मी उगाच नावं ठेवली. पायात काही आहे असं वाटतसुद्धा नाही."

रविवारी सकाळी त्याने बूट पुसून चकचकीत केले आणि चहाच्या टेबलाशी आणून बारकीसमोर ठेवले. अहवाल दिला. "दोन्ही समजूतदार. कापसाचीसुद्धा गरज नाही. मऊ लोणी."

बारकीने बूट घातले. दारापर्यंत गेली. तिथे क्षणभर थांबली आणि अगदी सावकाश परत आली. बूट सैल तेवढे झाले होते, पण टाचेला चावायचे तसेच चावत होते. तिने ते काढले नाहीत. खुर्चीवर टेकली आणि म्हणाली, "मामा, तुला कुठे चावले हे?"

"कुठेच नाही."

"पहिल्या दिवशी? टाचेला?"

"पहिल्या दिवसापासून नाही. तेच तर सांगतोय."

बारकीच्या टाचांवर अजून पट्ट्या होत्या. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग उठली, दादासमोर जमिनीवर बसली, त्याचा पाय मांडीवर घेतला आणि मोजा उतरवायला लागली. "अगं, हे काय!" म्हणून दादा पाय मागे घेऊ लागला, पण तिने सोडला नाही. मोजा टाचेपाशी अडकला. चिकटला होता. तिने पाणी लावून तो हळूहळू सोडवला. टाचेवर आणि करंगळीच्या बाजूला जखमा होत्या, एक तर चांगली खोल. दादा वाकून बघत राहिला. दुसऱ्याच कुणाचा पाय असावा तसं त्याने विचारलं, "हे कधी झालं?"

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी जखमा धुतल्या, बांधल्या आणि मग एक बारीक, ताठ दोरा हातात घेतला. "डोळे मिटा. तळव्याला दोरा लागला की 'हो' म्हणा," त्या म्हणाल्या. दादाने शहाण्या मुलासारखे डोळे मिटले. बाईंनी अंगठ्याला दोरा टेकवला. मग चवड्याला. मग टाचेला. मग दुसऱ्या पायाला. दादा कान टवकारून वाट बघत होता. थोड्या वेळाने तो डोळे मिटूनच नम्रपणे म्हणाला, "करा ना सुरू. मी तयार आहे."

बारकीने तोंडावर हात दाबला. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. इतकं वाईट मला आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

वेळेत आलात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. जखम हाडापर्यंत गेली नव्हती. आणखी थोडे दिवस तो तसाच चालत राहिला असता तर पाय राखणं अवघड झालं असतं. आता जखमा भरेपर्यंत चालणं बंद, पाय उशीवर, आणि पुढे जन्मभर रोज तळवे तपासायचे. दादाने सगळं ऐकून घेतलं. घरी खोलीत आल्यावर म्हणाला, "मला वाटलं, बूट सुधारला." मग भिंतीकडे तोंड करून पडला.

सोमवारी बारकी तेच बूट घालून कामावर गेली. दुसरे होतेच कुठे? टाचांना पट्ट्या, दोन-दोन मोजे, आणि तोंडावर हसू. संध्याकाळी जिन्यावर तिची पावलं ऐकू आली तेव्हाच मला कळलं, की दिवस कसा गेला. वर न येता ती आधी खालच्या खोलीत गेली. मी चहा घेऊन मागोमाग गेले. दादा उशीवर पाय ठेवून बसला होता. तिच्या बुटांकडे बघायला लागू नये म्हणून त्याने मान खिडकीकडे वळवली.

बारकीने स्टूल ओढलं, बूट काढले आणि एक त्याच्या मांडीवर ठेवला. "मामा, हा कुठे चावतो सांगू?"

"मला कशाला सांगतेस? माझ्या पायांना काही कळत नाही आता."

"तुझ्या पायांना कोण विचारतंय? माझ्या पायांना कळतंय, आणि चांगलंच कळतंय. नुसतं कळून काय उपयोग? पुढे काय करायचं ते मला येत नाही."

मला वाटलं, आता हा बूट खाली टाकणार. पण मान न वळवताच त्याने विचारलं, "कुठे?"

"टाचेला. मागे."

"मागे म्हणजे सगळीकडेच मागे. शिवणीच्या वर, का खाली?"

"वर. आतल्या बाजूला."

"चालताना, का उभी राहिल्यावर?"

बारकीने आठवून पाहिलं. "चालताना. जिना उतरताना जास्त."

"मग टाच नाही, कड आहे ती," दादा म्हणाला आणि वळला. "केस वाळवायचं ते यंत्र आण. आणि एक लाकडी पळी."

त्याने कडेवर गरम हवा सोडली. जरा नरम झाल्यावर पळीचा दांडा आतून लावून, बाहेरून अंगठ्याने दाबून धरली आणि गार होईपर्यंत सोडली नाही. "घालून बघ." बारकीने घातला, चार पावलं चालली. "अजून लागतंय. पण आता जरा खाली लागतंय." पुन्हा काढला, पुन्हा गरम हवा. मग दुसरा बूट. चहा निवून गेला, त्यावर साय धरली, कुणाचं लक्ष नव्हतं. तो विचारत होता, ती सांगत होती. कधी ती घाईने "झालं, झालं" म्हणाली की तो रागवायचा, "खोटं बोलू नकोस. मला तुझ्याशिवाय कळायचं नाही."

शेवटी त्याने बूट बाजूला ठेवले आणि तिचा पाय मागितला. तिने संकोचाने पुढे केला. पट्टी सुटली होती, टाच लाल झाली होती. त्याने बोटाने अगदी हलकेच स्पर्श केला. बारकीने ओठ चावून पाय आखडला.

"दुखतं?"

"हो ना, मामा. खूप."

दादाने तो पाय दोन्ही हातांत धरला. त्याचे डोळे भरून आले होते. "दुखतंय ना," तो म्हणाला. "चांगलं आहे गं. चांगलं आहे."