सलमाबादच्या गोदामातली सहल

नोकरीत हाताखालून गेलेल्या बहुतेक केसेस मी विसरलो आणि विसरल्याचं मला दुःखही नाही. ही एक मात्र विसरता येत नाही. तिच्यात ना खून होता ना दरोडा, कोर्टाची पायरीही ती चढली नाही. तरी दुपारी डोळा लागेनासा झाला की नेमकी तीच आठवते.

आमचं घर रत्नागिरीकडचं. वडील इंग्रजांच्या काळात बहारीनला गेले, मी तिथल्या पोलिसात लागलो आणि तिथेच म्हातारा झालो. अरबी येत होती, हिंदी-उर्दू येत होती, मराठी तर घरचीच. त्यामुळे हिंदुस्थानी माणसाची कुठलीही भानगड असली की फाईल फिरून फिरून माझ्याच टेबलावर यायची. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मला निवृत्तीचे वेध लागले होते. गुडघे कुरकुरत होते, साखर वाढली होती, आणि समोरचा माणूस खोटं बोलू लागला की राग येण्याऐवजी मला जांभई यायची.

ऑक्टोबर सरत आला होता. तिकडे उन्हाचा जोर तेव्हाच कुठे कमी होतो. शनिवारी सकाळी ठाण्यात फोन आला. नाव न सांगता एक माणूस हिंदीत म्हणाला, "सलमाबाद के गोदाम में हर जुम्मे को दरवाजा बंद करके वीडियो चलता है. पूरा कॅम्प बैठता है. कल तो मारपीट भी हुआ." एवढं बोलून त्याने फोन ठेवला. असे फोन समाजाच्या काळजीपोटी येत नाहीत, ज्याला बसायला जागा मिळाली नाही तोच करतो, हा माझा अनुभव.

मी चहा संपवतोय तोच एका कंपनीचा मंदूब आला. मंदूब म्हणजे कंपनीची सरकारी कामं करणारा माणूस. त्यांचा एक एसी फिटर शुक्रवार संध्याकाळपासून गायब होता. खोलीत नाही, कामावर नाही. "पळून गेला म्हणून लिहून घ्या," मंदूब म्हणाला. ही तक्रार एकदा लिहिली गेली की व्हिसा रद्द होतो, सापडला की माणूस थेट विमानात बसतो आणि पुन्हा आखातात पाय ठेवू शकत नाही. पोरगा संगमेश्वर तालुक्यातला होता, घरातला एकटा कमावता. मी म्हटलं, "दोन दिवस थांब." तो "इंशाल्ला" म्हणाला. याचा अर्थ तिसऱ्या दिवशी तो दारात हजर असणार होता.

फिटर राहायचा तो कामगारांचा कॅम्पही सलमाबादलाच होता. मी हवालदाराला घेऊन गोदाम गाठलं. तिथला स्टोअरकीपर माझ्यासारखाच कोकणी मुसलमान, चिपळूणकडचा, पन्नाशीचा गृहस्थ. उजव्या भुवईला ताजे टाके. मला बघून त्याने सलाम केला आणि न विचारताच म्हणाला, "साहेब, शीटवरनं झाली भांडणं. दुसरा काय नाय."

"कसली सीट?"

त्याने आतली खोली दाखवली. मी पुष्कळ गोदामं पाहिली होती, पण असं कुठे पाहिलं नव्हतं. खोक्यांच्या मागे मोकळी जागा करून खुर्च्या मांडल्या होत्या, दोन-दोनच्या रांगेत, मधे चालायला वाट, एसटीत असते तशी. समोर टीव्ही आणि व्हीसीआर. भिंतीकडच्या खुर्च्या म्हणजे 'खिडकीच्या'. त्यांच्यासाठी लोक नमाज आणि जेवण उरकून धावत यायचे, रुमाल टाकून जागा धरायचे.

प्रकार असा होता. कोकणात रेल्वे नुकतीच सुरू झाली होती. कॅम्पमधली बहुतेक माणसं त्याआधीच घर सोडून आलेली. आपल्या गावाखालून गाडी धावते हे त्यांना पत्रांतून कळलं होतं, पाहिलं कुणीच नव्हतं. हा स्टोअरकीपर पावसाळा सरता सरता, सप्टेंबरात, महिन्याच्या रजेवर गेला तेव्हा सोबत व्हिडिओ कॅमेरा घेऊन गेला. निघण्याआधी जो तो त्याला बजावून बसला होता: माझ्या गावचा स्टँड घे, माझं दार घे, आईला उभी कर. गड्याने रजेतल्या बहुतेक दिवशी एकेक सहल केली. सकाळी निघायचं, संध्याकाळी परत. चिपळूण, संगमेश्वर, लांजा, राजापूर. वाटेतले धबधबे, बोगदे, पूल, खिडकीतून दिसणारं सगळं. परत आल्यावर दर शुक्रवारी एक कॅसेट, म्हणजे एक सहल. हा स्वतः उभा राहून स्टेशनांची नावं पुकारायचा आणि मधल्या स्टेशनात वडे आणि चहा फिरायचा.

"यात दार बंद करण्यासारखं काय होतं?" मी विचारलं.

"उजेड येतो, साहेब. धबधबा दिसत नाय."

त्या दिवशी कॅम्पमधल्या माणसांचे जबाब घेता घेता माझी पाठ धरली. सगळ्यांचं एकच: खिडकीच्या सीटवरून बाचाबाची झाली, फिटरने स्टोअरकीपरला ठोसा मारला आणि तो निघून गेला. कुठे गेला, माहीत नाही. तीन माणसांनी एक प्रसंग पाहिला तर तीन प्रकारे सांगतात, हे मी उभ्या जन्मात पाहत आलो. इथे अख्खा कॅम्प शब्दही इकडचा तिकडे होऊ देत नव्हता. हे आधी ठरवून झालेलं होतं. शिवाय एका भल्या माणसाने सांगून टाकलं की फिटर शुक्रवारी खिडकीलाच बसला होता. मग भांडण कशाचं?

आमचा लेफ्टनंट तरुण होता, घाईचा होता. म्हणाला, "तुझ्या माणसाने त्याला मारून कुठेतरी टाकलंय. याला आत घाल, खलास." स्टोअरकीपर आत गेला. रविवारी मी त्याला समोर बसवलं, चहा दिला, दरडावलं, पुन्हा चहा दिला. तो मान खाली घालून बसला. मी म्हटलं, "उद्या त्याच्यावर पळाल्याची तक्रार लागेल. तो जिवंत असेल तर त्याची नोकरी जाईल, मेला असेल तर तुझी मान अडकेल. का गप्प बसतोस?"

"मी वचन दिलंय," तो एवढंच म्हणाला.

कुणाला, ते सांगेना. माणूस स्वतःला वाचवायला गप्प बसतो तेव्हा त्याचे डोळे सारखे दाराकडे जातात. याचे डोळे दाराकडे एकदाही गेले नाहीत. हा दुसऱ्या कुणाला तरी वाचवत होता. मग मी त्या शुक्रवारची कॅसेट मागवली.

ठाण्यात एक व्हीसीआर होता, जप्त केलेल्या घाणेरड्या कॅसेट तपासायचा. त्यावर मी ती सहल लावली आणि खरं सांगतो, पहिल्या वेळी मी तपास केलाच नाही. ओल्या कातळावरून पाणी कोसळत होतं, कापणीला आलेली भातं पिवळी पडली होती, गाडी बोगद्यात शिरली की पडदा काळा व्हायचा आणि बाहेर आली की पुन्हा हिरवा. दोन वर्षं मी घरी गेलो नव्हतो. हवालदार पाहतोय हे लक्षात येताच मी उगाच खोकलो.

दुसऱ्यांदा पोलिसासारखं पाहिलं. एका छोट्या स्टेशनापलीकडे फिटरचं घर होतं. अंगणात त्याची आई उभी, नवं लुगडं, हातात बांगड्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. "बरी हाय रे बाबा, सगली बरी हायत," ती म्हणाली आणि हसली. मग चित्र खाली वळलं, जमीन दिसू लागली. स्टोअरकीपरला वाटलं असावं की कॅमेरा बंद झाला. तो बंद झालाच नव्हता. हातात लोंबकळत तो चालू राहिला आणि हाताबरोबर हलून क्षणभर पुन्हा त्या बाईकडे वळला. तिने पदराचं टोक घेतलं आणि कपाळावरचं कुंकू खसाखसा पुसून टाकलं, चटका बसल्यासारखं.

मी टेप मागे घेऊन पुन्हा पाहिली. मी मुसलमान असलो तरी आमच्या शेजारपाजारच्या बायकांत वाढलोय. सवाशीण बाई असं कुंकू पुसत नाही.

स्टोअरकीपरला बोलावलं आणि सरळ विचारलं, "त्याचा बाप कधी वारला?"

तो माणूस खुर्चीतल्या खुर्चीत कोसळला. पन्नाशीचा गृहस्थ पोरासारखा रडला. "पावसात गेला, साहेब. छातीत कळ आली न् गेला. चुलत्यानं मना फोन केलान. बोल्ला, पोराला सांगू नको, मार्चमध्ये सुटी हाय, तवर तो एकटा काय करंल? आमी सगल्या कॅम्पनं वचन दिलं. पत्रं चुलताच लिवतो, बापाच्या नावानं. मी घरी गेलो, काकी कपाळ मोकलं घेऊन पुढं आली. मीच बोल्लो, काकी, कुकू लावा, पोरगा बघंल. तिनं शेजारणीकडनं मागून आणलान. मीच लावायला लावला, साहेब."

परदेशातल्या माणसाला मरण कळवायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. तिकडे एकटा आहे, विमानाचं भाडं नाही, कफील, म्हणजे ज्याच्या व्हिसावर आलो तो मालक, सोडणार नाही, मग सांगून काय उपयोग? मी स्वतः असे किती निरोप दाबले त्याला गणती नाही. लोक ते मायेने करतात यात शंका नाही. पण आता हे सगळं त्या पोराच्या बाजूने पाहायचं होतं. बाप गेल्याचं त्याला पडद्यावर कळलं, आणि त्याच क्षणी हेही कळलं की शेजारी बसून वडे खाणारा प्रत्येक जण हे आधीपासून जाणत होता.

आता त्याला शोधणं सोपं होतं. बाप गेल्याचं कळलेला मुलगा आधी कुठे जाईल? न्हाव्याकडे. हवालदाराला आसपासच्या सगळ्या सलूनांत पाठवलं. शेजारच्या तुबली गावात गॅरेजांच्या गल्लीत एका मल्याळी न्हाव्याला आठवलं: शुक्रवारी संध्याकाळी एक जण आला, डोकं आणि मिशी काढ म्हणाला, आणि उठताना समुद्र कुठल्या बाजूला असं त्याने विचारलं. पण न्हावी पुढे म्हणाला, की खुर्चीसाठी थांबलेला मआमीर या किनाऱ्यावरच्या गावचा एक म्हातारा कोळी त्याच्याकडे पाहत होता. त्या म्हाताऱ्याने स्वतःची दाढी करायची राहू दिली, त्या पोराचा दंड धरला आणि त्याला आपल्या पिकअपमध्ये बसवून घेऊन गेला.

मआमीरला म्हाताऱ्याच्या अंगणात फिटर जाळं विणत बसलेला सापडला. डोकं तुळतुळीत, डोळे सुजलेले. म्हाताऱ्याने मला आधी पाणी दिलं, मग अरबीत म्हणाला, "मी काही विचारलं नाही. भात आणि मासा दिला, तो त्याने खाल्ला. त्याला नेताय, तर ओरडू नका." मी ओरडलो नाही. तेवढा जोरही अंगात उरला नव्हता.

गाडीत तो पोरगा एकदाच बोलला. "सगल्यांना म्हाईत व्हतं, सायब. माझ्या ताटात जेवत व्हते. मी बापाला मफलर घेतला, तवा कसला रंग चांगला म्हणून त्यांनाच विचारला."

ठाण्यात मंदूबला बोलावून घेतलं. पोरगा आजारी होता, सापडला, तक्रार नको, असं मी त्याला माझ्या जबाबदारीवर सांगितलं. त्याने कागद खिशात घातला. स्टोअरकीपरला बाहेर काढलं. दोघं समोरासमोर उभे राहिले. स्टोअरकीपर हात जोडू लागला तसा फिटर म्हणाला, "टाके दुखतात काय?" तक्रार कुणाचीच नव्हती. माझ्या दृष्टीने केस तिथे मिटली.

पण मी त्याला म्हटलं, "आईला फोन कर. माझ्या टेबलावरून कर." गावात फोन एकाच दुकानात होता. आधी फोन करून निरोप द्यायचा, बाई येईपर्यंत थांबायचं आणि मग पुन्हा लावायचा. दुपारची वेळ होती. आता ही माय-लेकरं मोकळी रडतील, मी उठून बाहेर जाईन, असं मी मनात ठरवलं होतं.

दुसऱ्यांदा फोन लागला. लाईन इतकी खणखणीत होती की तिचा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता.

"पोरा, कसा हायस?"

"बरा हाय, आये. तू?"

"मी बरी. टीवीत दिसली काय रे मी?"

"दिसलीस. झ्याक दिसलीस." तो मग म्हणाला, "बाबा खय?"

पलीकडे श्वास अडकल्याचं मला ऐकू आलं. "ते व्हय? ते गेलेत ठेसनावर, गाडी बगायला. रोजचाच हाय त्यांचा."

पोराने डोळे मिटले. मी उठायचं विसरलो.

"बरं," तो म्हणाला. "आले की सांग, मी मफलर घेतलाय. मार्चमध्ये येतो तवा आणतो. न् त्यांना सांग, जास्त येल ठेसनावर बसू नका, आये एकटी असते घरात."

"सांगतंय," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "का नाही बोललास?" तो म्हणाला, "ती माझ्यासाठी कुकू लावून उभी ऱ्हायली, सायब. मी फोनवर कसा पुसू?"

खोटं उघडं पाडणं हे माझं काम होतं आणि त्यातच माझे केस पिकले. त्या दुपारी मात्र एका तारेच्या दोन्ही टोकांना माणसं खोटं बोलत होती आणि मी अवाक्षर काढलं नाही. त्यातून काय शिकलो असं कुणी विचारलं तर मला नीट सांगता येत नाही. एवढंच झालं की त्यानंतर एखाद्याच्या घरचं मरण लपवा असं मला सांगायला कुणी आलं तर मी त्याला दारातूनच परत पाठवू लागलो. तो मुलगा मार्चमध्ये गेला. जाण्याआधी ठाण्यात येऊन मला भेटला. पिशवीतून त्याने तो मफलर काढून दाखवला आणि विचारलं, "आयेच्या हातात द्यायचा, का तिला आधी बोलू द्यायचं?"

मी म्हटलं, "बाळा, तूच बघ."