मास्तरांचं ‘चालेल’

शिवण कारखान्यातल्या कटिंग मास्तरांनी साहेबाच्या पोटात कात्री खुपसली, अशी बातमी गल्लीत आधी आली. संध्याकाळपर्यंत पोटाची मांडी झाली आणि दिवे लागेपर्यंत मांडीचा नुसता टाय उरला. खरं म्हणजे मास्तरांनी कात्री उचललीच नव्हती. ज्या माणसाला घरातला पंखा वाढवायलाही बायकोची परवानगी लागते, तो कसल्या कात्र्या खुपसतोय! पण बातमीला मीठमिरची हवीच.

कापडाच्या थप्पीवर खडूने आखायचं आणि बिनचूक कापायचं, हे मास्तरांचं काम. कापलेला तुकडा ते उजेडाकडे धरायचे, एक डोळा मिटायचे आणि म्हणायचे, “चालेल.” त्यांनी म्हटलं की चाललं. नाही म्हटलं की शिवणाऱ्यांची अख्खी दुपार पाण्यात. या एका शब्दावर त्यांचा सगळा तोरा. तयार शर्टांचे लोंबते धागे कापत बाकावर बसणाऱ्या बायकांना ते ‘उंदरं’ म्हणायचे आणि आपल्याच विनोदावर पोट धरून हसायचे. हसणारे ते एकटेच.

मग कापायचं मशीन आलं आणि माणसं कमी करायचं ठरलं. मास्तर एक बाही उजेडाकडे धरून उभे होते, तेव्हा साहेब मागून आले. वयाने मास्तरांच्या जावयाएवढे. आधी अत्तर यायचं, मग साहेब.

“मास्तर, तुमचं टेबल उठतंय. धागे कापायच्या बाकावर जागा आहे. पायरी खालची आहे, पण नोकरी राहील. चालेल?”

मास्तरांचा डोळा बाहीवर. तोंड सवयीने म्हणालं, “चालेल.”

अख्खा हॉल हसून फुटला. “ऐकलंत ना सगळ्यांनी?” म्हणत साहेब जिना चढून गेलेसुद्धा. ‘मी बाहीला म्हणालो होतो,’ हे वाक्य मास्तरांच्या घशातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी बाकावरच्या बायकांनी सरकून जागा केली.

“या, उंदीरमामा,” त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी म्हणाली. “दात शाबूत आहेत ना?”

छोट्या कात्रीत मास्तरांचा अंगठा शिरेना. त्यांनी कसाबसा एक शर्ट संपवला, तर म्हातारीने तो उजेडाकडे धरला, एक डोळा मिटला आणि मान हलवली. “नाही हो मामा. परत करा.” त्या दिवशी बाकावरचं हसू जेवणाच्या सुट्टीलाही थांबलं नाही.

घरी बायको म्हणाली, “धागे कापा नाहीतर गवत कापा. दिवसभर माझ्या पायात पायात येऊ नका म्हणजे झालं.”

विहीणबाई मात्र वेगळ्या मातीच्या. हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात युनियन गाजवून रिटायर झालेली ही लेकीची सासू बातमी कानावर येताच चप्पल घालून निघाली.

“व्याही, तुम्ही धागे नाही, नाक कापून घेतलंत,” दारातूनच सुरुवात झाली. “माणसं कमी करताना खालचं काम पुढे केलं, तर नाही म्हणायचा हक्क असतो. नाही म्हटलं म्हणून भरपाई बुडत नाही. तुमच्या करारात महिनाभर करून बघायची मुभा आहे. महिना उलटल्यावरही बाकावर सापडलात, की भरपाई गेली, मास्तरकी गेली. बसा मग मरेपर्यंत कुरतडत!”

“पण मी चालेल म्हणालो ना...”

“बाहीला म्हणालात ना? मग साहेबाला ते सांगायला जीभ काय भाड्याने आणू?”

मास्तर रोज जिन्यापर्यंत जायचे, खाली वाकून बुटाची नाडी बांधायचे आणि परत यायचे. नाडी घट्ट, माणूस सैल. बायकांनी पैजा लावल्या. मास्तर वर जातील, यावर पैज घ्यायला कोणीच तयार होईना.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. दुपारी म्हातारीने त्यांचा शर्ट तपासला आणि पहिल्यांदाच खोड काढली नाही. उलट मायेने म्हणाली, “राहू द्या आता ते जिन्याचं. तुम्ही आमच्यातलेच झालात, मामा.”

टोमणे पचले होते. ही माया पचेना. मास्तर उठले ते नाडी न बांधता थेट वर गेले. मागोमाग बाक रिकामा झाला आणि सगळा जिना बायकांनी भरला. कात्रीची ती बातमी याच जिन्यावरून गल्लीत उतरली.

“साहेब, हे काम मी नाकारतोय. मला कमी करा आणि भरपाई द्या.”

साहेब खुर्चीत मागे रेलून हसले. “या वयात बाहेर तुम्हाला सुईत दोरा ओवायलाही कोणी ठेवणार नाही.”

आणि तसंच झालं. विहीणबाईंनी मागे लागून भरपाई काढली, पण काम मास्तरांना कुठेच मिळालं नाही. दुकानोदुकानी हिंडले, कोणी चहा पाजला, कोणी तेवढाही नाही. आता बायको त्यांना पायात आले म्हणून ओरडते आणि ते खिडकीत जाऊन उभे राहतात. हे सगळं पुढे होणार, याचा अंदाज त्यांना त्या दुपारीही होता. तरी ते साहेबांसमोरून हलले नाहीत.

साहेबांनी समजुतीचा सूर लावला. “आणि कामात काय हो खालचं-वरचं? काम ते काम.”

मास्तर म्हणाले, “मग उद्यापासून तुम्ही गेटवर बसा, साहेब. तिथेही खुर्ची आहे.”