डाव्या हातचा मळ

तोंडावर त्यांना सगळे नुसतं बाई म्हणत आणि पाठीमागे पाठपुरावाबाई. शाळेतला नळ गळाला की इतर शिक्षक खाली बादली लावत आणि बाई अर्ज लिहीत. मग स्मरणपत्र, मग दुसरं स्मरणपत्र, आणि मग नळवाला येईपर्यंत त्या स्वतः नळाशेजारी उभ्या. त्यांचे यजमान पोस्टातून निवृत्त झालेले. ते म्हणायचे, "मी नोकरीत होतो तेव्हा आमचं अख्खं खातं तुझ्या एकटीच्या जिवावर चालायचं!"

पण नळ, फळा, खिडकीची काच ही सगळी किरकोळ दुखणी. बाईंचं खरं दुखणं एकच होतं. शिक्षकांच्या आणि मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी सरकारने निधी द्यावा, म्हणून नऊ वर्षं त्या शिक्षण कार्यालयाला पत्रं लिहीत होत्या. शाळेतलं शेवटचं प्रशिक्षण अठरा वर्षांपूर्वी झालं होतं. त्यात प्रत्येकाला एक कापडी पिशवी, एक न उठणारं पेन आणि आनंदाने कसं शिकवावं यावर अडीच तासांचं रटाळ भाषण मिळालं. बाई अजून त्या पिशवीतून भाजी आणत. सरकारने शिकवलेलं तेवढंच कामी आलं, असं त्या सगळ्यांना ऐकवत.

आता कोणी म्हणेल, निवृत्तीला चार वर्षं उरली, डोक्यावरचे केस पिकले, आता कसलं शिकणं? सासूबाई तेच म्हणायच्या, "अगं, जन्मभर शिकवलंस ना? मग अजून शिकायचं राहिलंच कसं?" बाईंकडे याला उत्तर होतं, पण ते सांगायची त्यांना लाज वाटायची.

त्यांच्या वर्गात दोन वेण्यांची एक मुलगी होती. तिला सगळे 'काबरं' म्हणत, कारण कशालाही ती "का बरं?" विचारायची. एक दिवस बाईंनी अपूर्णांकांचा भागाकार शिकवला. दुसरा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं, झालं. मुलीने हात वर केला. "बाई, उलटा का बरं?"

तीस वर्षं बाई अपूर्णांक उलटे करत आल्या होत्या, पण का, ते त्यांनाच माहीत नव्हतं. शेवटी त्या म्हणाल्या, "नियम आहे म्हणून."

"बरं," मुलगी म्हणाली आणि खाली बसली. त्यानंतर तिने वर्गात प्रश्न विचारणं सोडलं. काहीही सांगा, ती म्हणायची, "बरं." त्यातलं 'का' गेलं ते गेलंच. बाईंच्या काळजाला ते फार लागलं. त्यांनी होती नव्हती ती पुस्तकं चाळली, सगळीकडे नियमच छापलेला. शेजारच्या वर्गावरच्या गुरुजींना विचारलं, तर ते म्हणाले, "उलटा करायचा, गुणायचं, घरी जायचं. कशाला नसती पीडा?"

म्हणून बाईंनी एकोणिसावं पत्र लिहिलं. ते टाइप केलं शाळेच्या कारकुनाने. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. भाऊसाहेब दोन बोटांनी टाइप करायचे, आणि तेही कानाला फोन लावून. एरवी बाई त्यांच्या डोक्यावर उभ्या राहून स्वल्पविरामसुद्धा तपासायच्या, पण त्या दिवशी नेमकी त्यांची दाढ ठणकत होती. हेडसरांनी न वाचता सही ठोकली. ते सगळ्यावरच न वाचता सही करत. वाचलं आणि कळलं नाही तर काय घ्या!

नऊ वर्षं ज्या कार्यालयाने हूं की चूं केलं नव्हतं, त्याचं उत्तर आठव्या दिवशी आलं. "आपण होऊन शिक्षक व मुख्याध्यापक यांच्या परीक्षणाची मागणी करणारी आपली शाळा पहिलीच. विनंती अत्यंत स्तुत्य आहे. येत्या गुरुवारी तपासनीस येत आहेत."

"परीक्षण?" हेडसर मटकन खुर्चीत बसले. "परीक्षण कोणी मागितलं?"

बाईंनी पत्राची प्रत काढली. 'प्रशिक्षण' लिहायचं तिथे सात ठिकाणी 'परीक्षण' झालं होतं.

"भाऊसाहेब, काय करून ठेवलंत हे!"

"अहो बाई, एवढं काय त्यात? थोडं इकडचं तिकडे झालं. एक 'शि' तर गेला!"

"नेमका शिकण्यातलाच 'शि' गेला की हो!"

हेडसरांनी घाम पुसला. हे गृहस्थ मूळचे चित्रकलेचे शिक्षक. हात इतका गोड की फळ्यावर आंबा काढला तर मुलं पुसू द्यायची नाहीत. चौदा वर्षांपूर्वी आधीचे मुख्याध्यापक निवृत्त झाले आणि ज्येष्ठतेने पाळी यांची आली. जाताना त्यांनी यांच्या हातात किल्ल्यांचा जुडगा ठेवला आणि म्हणाले, "सांभाळा." झालं प्रशिक्षण! त्यातल्या तीन किल्ल्या कुठल्याच कुलपाला लागत नव्हत्या, पण विचारणार कोणाला? तेव्हापासून जुडगा त्यांच्या डाव्या हातात असे, आणि ते नर्व्हस झाले की खुळखुळत असे.

"पण घाबरायचं कारण नाही," खुळखुळवत ते म्हणाले. "परीक्षण म्हणजे आपल्या डाव्या हातचा मळ!"

हे मात्र अक्षरशः खरं होतं. या शाळेची एक जुनी रीत होती. साहेब वर्गात आले की प्रश्न कुठलाही असो, सगळ्यांनी हात वर करायचा. येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा. शिक्षक फक्त उजव्यांना उठवत. साहेबांना दिसे हातांचं जंगल, आणि शेरा मिळे उत्तम.

बाई पत्र शेवटपर्यंत वाचणाऱ्या. तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती. ज्या शाळेला 'उत्तम' शेरा मिळेल, तिला पुढची पाच वर्षं प्रशिक्षणाच्या निधीची गरज नाही असं समजण्यात येईल.

"सर, पाच वर्षं! मी चार वर्षांत घरी जाणार. मला न शिकताच जावं लागेल हो."

"मग काय, मुद्दाम नापास होऊ? चौदा वर्षं अब्रू सांभाळलीय मी बाई!"

"डॉक्टरकडे गालाला पावडर लावून जायचं आणि मग औषध मिळालं नाही म्हणून रडायचं, अशातली गत झाली ही."

हेडसरांनी हात जोडले. "तुमच्या पाया पडतो, पण त्या दिवशी साहेबांसमोर यातलं अक्षर काढू नका." त्यांचा चेहरा इतका केविलवाणा झाला होता की बाईंना नाही म्हणवेना. "नाही बोलणार," त्या म्हणाल्या, आणि घरी जाऊन रागारागाने दोन कपाटं आवरली. यजमान दुसऱ्या खोलीत जाऊन बसले.

गुरुवारी तपासनीस साहेब चक्क वेळेवर आले. याची कोणालाच कल्पना नसल्यामुळे स्वागताचा गुच्छ अजून बादलीतच होता. साहेब किडकिडीत, चष्म्याआड दमलेले डोळे. ते सरळ बाईंच्या वर्गात शिरून शेवटच्या बाकावर बसले. बाक लहान मुलांचा, त्यांचे गुडघे हनुवटीला लागले.

"चालू द्या," ते म्हणाले.

बाईंनी फळ्यावर लिहिलं: तीन भागिले एक द्वितीयांश. "कोण सांगेल?"

झर्रकन अख्ख्या वर्गाचे हात वर. साहेबांच्या भुवया कौतुकाने वर गेल्या. दारात हेडसर उभे, किल्ल्या मुठीत घट्ट धरलेल्या.

बाईंनी वर्गावरून नजर फिरवली. तिसऱ्या बाकावर काबरं बसली होती. तिचा डावा हात सरळ वर होता आणि नजर बाकावर खिळलेली. त्यांनी हेडसरांना शब्द दिला होता, न बोलण्याचा. बोट दाखवायचं नाही, असं काही ठरलं नव्हतं. त्यांनी खडू उचलून तिच्याकडे केला.

मुलीने मागे वळून पाहिलं. दुसरं कोणी असेल म्हणून. मग ती घाबरून उठली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "पण बाई, माझा डावा आहे!"

साहेबांनी विचारलं, "डावा म्हणजे काय गं, बाळ?"

"येतं त्यांनी उजवा करायचा, येत नाही त्यांनी डावा. खाली कोणीच ठेवायचा नाही." तिने क्षणभर विचार केला. "आणि हे तुम्हाला सांगायचं नाही, असंपण सांगितलंय."

दारात किल्ल्या खळकन खाली पडल्या. साहेबांनी सावकाश वर्गावर नजर टाकली. हात खाली करा असं कोणीच न सांगितल्यामुळे ते सगळे अजून वरच होते, आणि निम्म्याहून जास्त डावे होते.

नंतर हेडसरांच्या खोलीत सगळे शिक्षक भिंतीला चिकटून उभे राहिले. साहेबांच्या पुढ्यातला चहा निवत होता. त्यांनी परीक्षणाचा छापील फॉर्म उघडला, पेन काढलं आणि म्हणाले, "मुलांचं कळलं. आता तुमचं सांगा. ज्यांना आपलं काम नीट येतं, त्यांनी हात वर करा."

सवयच ती! सगळ्यांचे उजवे हात वर गेले. एकट्या बाईंचा डावा. गुरुजींनी त्यांना कोपराने ढोसलं, पण बाईंनी हात आणखी उंच केला. आपण तोंडातून शब्द काढलेला नाही, असं त्यांनी डोळ्यांनी हेडसरांना सांगितलं.

हेडसर बाईंच्या हाताकडे बघत राहिले. मग खुळखुळ असा आवाज झाला. किल्ल्यांसकट त्यांचा डावा हात हळूहळू वर गेला.

"मला नाही येत, साहेब," ते म्हणाले. आवाज चिरकला. "मला किल्ल्या दिल्या, मी कुलपं उघडली. शाळा कशी चालवायची, ते चौदा वर्षांत कोणी सांगितलंच नाही. विचारायची लाज वाटली."

मग गुरुजींनी हळूच उजवा खाली घेतला आणि डावा वर केला. त्यांच्यापाठोपाठ बाकीच्यांनी. खेळाच्या सरांनी दोन्ही हात वर केले. "शिट्टी येते," ते म्हणाले, "बाकीचं येत नाही." भाऊसाहेबांना कोणी विचारलं नव्हतं, पण त्यांचाही डावा वर होता.

साहेबांनी चष्मा पुसला. फॉर्मवरच्या छापील 'उत्तम'वर त्यांनी काट मारली आणि खाली लिहिलं, 'शिक्षक व मुख्याध्यापक, दोघांच्याही प्रशिक्षणास निधी तातडीने द्यावा.' सोबतचं पत्र भाऊसाहेबांनी तिथेच टाइप केलं. या वेळी बाई, हेडसर आणि गुरुजी तिघंही त्यांच्या डोक्यावर उभे राहून ओरडत होते, "शि! शि! भाऊसाहेब, शि!" बाहेरून जाणारी मुलं नाक दाबून पळाली.

निधी यायला आणखी पाच स्मरणपत्रं लागली. पण आला. प्रशिक्षणाला बाई पहिल्या बाकावर बसल्या आणि हेडसर त्यांच्या शेजारी, कोरी वही घेऊन. शिकवायला आलेली ताई बाईंच्या लेकीच्या वयाची. तिने कागदाच्या तीन पट्ट्या टेबलावर ठेवल्या आणि विचारलं, "यांत अर्धे तुकडे किती निघतील?" तिने कात्रीने एकेक पट्टी मधोमध कापली. "एकातून दोन, तिनांतून सहा. अर्ध्याने भागायचं म्हणजे अर्धे किती आहेत ते मोजायचं. म्हणून ते दुप्पट होतात, म्हणून उलटा करायचा."

"अगं बाई!" बाई जोरात म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. इतकं सोपं! तीन पट्ट्या आणि एक कात्री, आणि त्यासाठी तीस वर्षं.

सोमवारी मधल्या सुट्टीत त्यांनी काबरंला रिकाम्या वर्गात बोलावलं. पट्ट्या कापल्या, तिलाही कापायला लावल्या. मुलीचा चेहरा हळूहळू उजळला.

"तू विचारलं होतंस ना, उलटा का? मी म्हणाले होते, नियम आहे. ते खोटं होतं. मला तेव्हा येतच नव्हतं."

मुलीने ते सहा तुकडे बोटाने एकेक करून मोजले. मग तिने मान वर केली.

"मग बाई," ती म्हणाली, "तेव्हा तुम्ही डावा हात का बरं वर केला नाही?"